ट्यूब ओपन आहेत, मग धुवायच्या कशाला?

पत्र: ताई, माझं वय ३२, आम्ही सोलापूरला असतो. लग्नाला चार वर्षं झाली, दोन वर्षांपासून चान्स घेतोय. पाळी रेग्युलर आहे, २८-३० दिवसांनी येते. थायरॉईडची ५० ची गोळी चालू आहे. मार्चमध्ये एचएसजी (नळ्या ओपन आहेत का बघायची एक्स-रे तपासणी) केली, रिपोर्टमध्ये दोन्ही ट्यूब ओपन आहेत पण उजव्या बाजूला स्पिल (औषध नळीतून बाहेर सांडणं) उशिरा असं लिहिलंय. आता एका हॉस्पिटलमध्ये म्हणाले की नळ्या धुवून घ्या, लागोपाठ तीन महिने, पॅकेज आहे. मिस्टरांची मामेबहीण ऑकलंडला असते, तिने तेलाने फ्लश करून घेतलं आणि लगेच दिवस गेले. सासूबाई म्हणतात तेलच घालायचं तर वैद्यांकडे उत्तरबस्ती घे. मिस्टरांची टेस्ट अजून केलेली नाही, ते म्हणतात आमच्या घराण्यात कुणाला असला प्रॉब्लेम नाही. मी काय करू?

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. दोन वर्षं झाली, तुझी सोनोग्राफी झाली, रक्त झालं, एचएसजीसारखी दुखणारी टेस्ट झाली, आता तीन महिन्यांचं पॅकेज गळ्यात पडतंय, आणि मिस्टरांची साधी सीमेन टेस्ट झालेली नाही? ज्या हॉस्पिटलने ती न बघता तुला पॅकेज सांगितलं त्यांचंही मला नवल वाटतं. मी गायनॅकच्या ओपीडीत सिस्टर म्हणून आयुष्य घालवलंय, डॉक्टर नाही, पण एवढं नक्की सांगते की मूल होत नाही अशा जोडप्यांत पुरुषाकडचं कारण अजिबात दुर्मिळ नसतं, आणि ते घराण्यावरून कळत नाही, आजोबांना आठ पोरं होती हा काही नातवाचा रिपोर्ट नव्हे.

टेस्ट अगदी सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध नको, मग सॅम्पल द्यायचं, शक्यतो लॅबमध्येच, घरून नेलं तर तासाभरात पोचवायचं आणि खिशात अंगाजवळ ठेवून न्यायचं, स्कूटरच्या डिकीत टाकून नाही. एचएसजीच्या मानाने खर्च किरकोळ. रिपोर्ट आला की बघायचं, डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलप्रमाणे एका मिलीत १.६ कोटी आणि एकूण ३.९ कोटी शुक्राणू, त्यातले ४२ टक्के तरी हलणारे, ही खालची रेघ धरतात. रेघेच्या खाली आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मध्ये ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो, म्हणून खराब आला तर दोन-तीन महिन्यांनी परत करतात. तू घरी यावरून वाद घालू नकोस. पुढच्या व्हिजिटला मिस्टरांना बरोबर ने आणि डॉक्टरांनाच म्हणू दे की दोघांचे रिपोर्ट असल्याशिवाय पुढे जायचं नाही. डॉक्टरांच्या तोंडून आलं की बहुतेक पुरुष मुकाट्याने जातात, हे मी फार वेळा बघितलंय.

आता नळ्या.

तुला तीन जणांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. हॉस्पिटलवाले जे दर महिन्याला करणार ते बहुतेक हायड्रोट्यूबेशन, म्हणजे पिशवीच्या तोंडातून सलाईन आणि त्यात अँटिबायोटिक, स्टेरॉईड वगैरे मिसळून आत सोडायचं. ऑकलंडच्या नणंदेने केलं ते लिपिओडॉल फ्लश, एक्स-रेखाली, खास प्रकारच्या तेलाने, एकदाच. आणि सासूबाई म्हणतात ती उत्तरबस्ती. तिन्हींत काहीतरी आत सोडतात एवढंच सारखं, बाकी पुरावा वेगळा, धोका वेगळा, आणि कुणाला उपयोग होतो तेही वेगळं.

लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की बेसिनचा पाईप तुंबला, जोरात पाणी मारलं की मोकळा. पण गर्भनलिका म्हणजे पाईप नाही गं. दहा-बारा सेंटिमीटरची मऊ नळी, पिशवीत शिरते तिथे आतलं भोक जेमतेम मिलिमीटरभर, आणि आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे सिलिया असतात जे अंडं पुढे ढकलत आणतात. फलन होतं ते नळीतच. टीबीने किंवा जुन्या इन्फेक्शनने हे अस्तर खराब झालं असेल, टोकं चिकटली असतील, नळीत पाणी भरून ती फुगली असेल, ज्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात, तर कितीही धुतलं तरी सिलिया परत येत नाहीत. म्हणजे जिची नळी खरंच बिघडलीय तिला धुण्याचा फायदा नाही, आणि ज्या धुण्याला चांगला पुरावा आहे ते नळ्या मोकळ्या असलेल्या बायकांसाठीच आहे. ऐकायला उलटं वाटतं पण आहे ते असं आहे. तू विचारतेस ओपन आहेत मग कशाला, तर ओपन आहेत म्हणूनच तेलाच्या फ्लशचा विचार तरी करता येतो.

तुझ्या रिपोर्टमधल्या 'उजवीकडे स्पिल उशिरा'ला फार घाबरू नकोस. औषध आत सोडलं की ते जिकडे सोपं जाईल तिकडे आधी पळतं, डावीकडून झटकन गेलं की उजवीकडे प्रेशर कमी पडतं. शिवाय दुखल्यामुळे नळीच्या तोंडाशी स्पॅझम येतो, म्हणजे ते आवळलं जातं, आणि त्या स्पॅझममुळे तर कधीकधी चांगली नळी चक्क बंद दिसते. तुझ्याकडे दोन्ही बाजूंनी बाहेर पडलंय हे महत्त्वाचं. फक्त एक विचारते, तुला किंवा घरात कुणाला पूर्वी टीबी झाला होता का, ओटीपोटात सारखं दुखतं का, पाळीचं रक्त हल्ली फार कमी झालंय का? आपल्याकडे पिशवीचा आणि नळ्यांचा टीबी हे मूल न होण्याचं खरंखुरं कारण आहे आणि तो गुपचूप असतो. यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांग, कारण आत इन्फेक्शन असताना कुठलंही फ्लश केलं तर ते भडकू शकतं.

आता ते तेल काय आहे. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलात आयोडीन जोडलेलं, पॅरिसच्या मार्सेल गेर्बे नावाच्या फार्मसिस्टने १९०१ मध्ये बनवलेलं. हो, आपली वाटणातली खसखस. एक्स-रेत पांढरं दिसतं म्हणून नळ्यांच्या तपासणीला वापरायला लागले, आणि डॉक्टरांच्या लक्षात यायला लागलं की नुसती तपासणी करून गेलेल्या बायकांना पुढच्या काही महिन्यांत दिवस जातायत. मग पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, आलं, ते स्वस्त, लवकर निघून जाणारं, त्यामुळे तेल मागे पडलं. आपल्याकडे आज एचएसजीला साधारण पाण्याचंच वापरतात, तुझीही तशीच झाली असणार, रिपोर्टवर किंवा बिलावर नाव असेल तर बघ.

तेल बरं की पाणी याचा मोठा हिशोब नेदरलँड्समध्ये झाला. २७ हॉस्पिटलं, १,११९ बायका, अर्ध्यांना तेल, अर्ध्यांना पाणी, निकाल २०१७ ला आला. सहा महिन्यांच्या आत जे दिवस गेले त्यातून बाळ हातात आलं अशा तेलाच्या गटात शंभरात साधारण ३९ आणि पाण्याच्या गटात २८. दोन्हीकडच्या काहींनी मधल्या काळात आययूआयही (नवऱ्याचे शुक्राणू नळीने थेट पिशवीत सोडणं) केलं होतं. म्हणजे शंभरामागे दहा-अकरा बाळं जास्त, हे कमी नाही. त्यानंतर चीनमध्ये हजारावर बायकांवर अशीच ट्रायल झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला, तिथेही तेलच पुढे होतं. वंध्यत्वावर काम करणाऱ्या युरोपच्या ईएसएचआरई संस्थेने २०२३ च्या गाईडलाईनमध्ये लिहिलंय की नळ्यांची तपासणी करायचीच असेल तर पाण्यापेक्षा तेल बरं, फायदे-तोटे बोलून घेऊन. (गंमत म्हणजे या डच अभ्यासातले मोठे डॉक्टर, बेन मोल, त्यांच्या आईला वर्षानुवर्षं मूल होत नव्हतं, मग ही लिपिओडॉलची तपासणी झाली आणि १९६५ मध्ये हे जन्मले. त्यांना स्वतःला हे अभ्यास सुरू झाल्यानंतर घरातून कळलं म्हणे.)

पण तेच आकडे परत बघ. पाण्याने केलेल्यांतही शंभरात २८ जणींना बाळ झालं. म्हणजे तुझ्या नणंदेला तेलामुळे दिवस गेले की तसेही जाणारच होते, हे तिलाही माहीत नाही आणि तिच्या डॉक्टरांनाही नाही. न्यूझीलंडमध्ये हे फ्लश बऱ्यापैकी रुळलेलं आहे कारण तिथे २००४ मध्ये एक अभ्यास झाला होता, १५८ बायकांचा, त्यात एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) असलेल्या पण नळ्या ओपन असलेल्या बायकांत फरक फार मोठा दिसला, फ्लश केलेल्यांत शंभरात ४८ जणींना दिवस गेले, काहीच न केलेल्यांत ११ च्या आसपास. पण त्या गटात साठेक बायकाच होत्या, आणि कारणच सापडत नाही अशांमध्ये फरक होता पण ठामपणे सांगावा इतका नव्हता. तिला एंडोमेट्रिओसिस होता का ते विचार एकदा, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायला काय जातंय.

नक्की का उपयोग होतो हे विचारशील तर उत्तर अजून पक्कं नाही. नळीतला शेंबडासारखा चिकट कचरा निघून जातो असं एक मत, तेलामुळे पिशवीच्या अस्तराची आणि पोटातल्या पेशींची प्रतिकारशक्ती जरा थंडावते आणि गर्भ रुजायला सोपं जातं असं दुसरं.

करतात कसं ते सांगते म्हणजे भीती जाईल. पाळी सुरू झाल्यापासून मोजून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात बोलावतात, ब्लीडिंग पूर्ण थांबलेलं पाहिजे आणि त्या महिन्यात संबंध आलेला नको. तासभर आधी दुखण्याची गोळी घेऊन जा, रिकाम्या पोटी नको. एक्स-रेच्या टेबलावर पाय वर घेऊन झोपवतात, टेबल थंडगार असतं, सॉक्स घालून गेलीस तरी चालेल. स्पेक्युलम लावतात, पिशवीच्या तोंडात बारीक कॅन्युला घालतात आणि औषध हळूहळू सोडतात, हळूहळूच, घाई केली की स्पॅझम येतो. बाजूच्या स्क्रीनवर आधी पिशवीचा पांढरा त्रिकोण दिसतो, मग दोन्ही कोपऱ्यांतून रेघा निघतात आणि टोकाला जाऊन औषध पोटात सांडतं. पाण्याचं औषध लगेच पसरून फिकट होतं, तेलाचे मात्र मोठे मोठे थेंब दिसतात, ते रेंगाळतात म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी परत एक फोटो काढतात. पाळीत दुखतं तसं जोरात पाच-दहा मिनिटं दुखतं, काहींना चक्कर येते. एकटी जाऊ नकोस, मिस्टरांना घेऊन जा, तेवढंच त्यांनाही कळेल. पॅड लावून घरी यायचं, त्या दिवशी थोडे डाग दिसतात. ताप आला, घाण वास आला, पोट फार दुखायला लागलं तर रात्र असली तरी फोन करायचा.

स्क्रीन चालू ठेवून करणं तेलाच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. तेल चुकून पिशवीच्या रक्तवाहिन्यांत शिरलं तर फुफ्फुसात जाऊ शकतं, क्वचित होतं पण होतं, आणि स्क्रीनवर तसं दिसलं की तिथल्या तिथे थांबवता येतं. न बघता तेल सोडतो म्हणणाऱ्याकडे जायचं नाही. क्युरेटिंग नुकतंच झालं असेल तर तेव्हाही नाही.

आणि आता तुझी थायरॉईडची गोळी, जी तू पत्रात सहज एका ओळीत लिहून पुढे गेलीस. या तेलाच्या एका मिलीत ४८० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्याला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. मायक्रो. आणि पाण्याचं कॉन्ट्रास्ट दोन दिवसांत लघवीवाटे जातं तसं हे जात नाही, पोटात राहून महिनोन्महिने थोडं थोडं आयोडीन सोडत राहतं. न्यूझीलंडमध्ये फ्लशनंतर बायकांचा थायरॉईड लक्ष ठेवून तपासला तेव्हा तिघींत एकीला तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडला की वाढणारा रक्तातला आकडा) वाढलेला निघाला, बहुतेकींचा पहिल्याच महिन्यात. नेमकं तेव्हाच दिवस गेलेले असू शकतात, आणि बाळाचा थायरॉईड सुरुवातीला आईच्याच जिवावर असतो. डच अभ्यासात तर थायरॉईडचा त्रास असलेल्यांना घेतलंच नव्हतं, म्हणजे ते ३९-२८ चे आकडे तुला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तुला अजिबात करता येणार नाही असं मी म्हणत नाही, पण फ्लशच्या आधी टीएसएच जागेवर पाहिजे, नंतर दर महिन्याला काही महिने तपासला पाहिजे, गोळीचा डोस कोण बदलणार ते आधी ठरलेलं पाहिजे, आणि दिवस राहिले तर बाळ जन्मल्यावर त्याच्या डॉक्टरांना हे सांगितलं पाहिजे. माझं मत विचारशील तर तुझ्या जागी मी एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरला, विचारल्याशिवाय तेलाला हात लावू देणार नाही.

पॅकेजबद्दल सरळ सांगते, नको. सलाईन-अँटिबायोटिक-स्टेरॉईडचं कॉकटेल दर महिन्याला आत सोडणं ही फार जुनी पद्धत आहे, आपल्याकडे गावोगाव चालायची, अजून चालते, आणि त्याने बाळं जास्त होतात असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. दर वेळी पिशवीच्या तोंडातून काही घातलं की इन्फेक्शनची शक्यता थोडी उघडते, आणि चांगल्या असलेल्या नळ्या इन्फेक्शनने खराब करून घेणं याच्याइतका वाईट सौदा नाही. तसं बघितलं तर मार्चच्या एचएसजीत तुझ्या नळ्या एकदा धुतल्या गेल्याच आहेत.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्या वाईट बोलत नाहीयेत, त्यांचं लॉजिक आहे, ते पण तेल आणि हे पण तेल. उत्तरबस्ती जुन्या ग्रंथांत आहे आणि शिकलेले वैद्य ती मनापासून करतात, पण जे अभ्यास आहेत ते छोटे, बऱ्याचदा तुलनेला दुसरा गटच नाही. त्यात दोन-तीन महिने, दर महिन्याला पाळीनंतर सलग काही दिवस पिशवीत औषधी तेल किंवा तूप सोडतात, एक्स-रे नाही, आणि ते तेल इंजेक्शनसारखं निर्जंतुक आहे का हे विचारलं तर सगळीकडे सरळ उत्तर मिळत नाही. खसखशीचं तेल म्हणून वाण्याकडचं तेल चालत नाही तसंच डच अभ्यासाचा फायदा उत्तरबस्तीच्या खात्यात जमा करता येत नाही. त्यांना म्हण, डॉक्टर म्हणाले आत्ता थायरॉईड बघू, तोवर आत काहीच घालायचं नाही. खोटंही नाही आणि त्यांचा मानही राहतो. पथ्याचं, मालिशचं, काढ्याचं काय सांगतील ते वैद्यांना तुझी गोळी दाखवून मग ठरव, थायरॉईडच्या गोळीनंतर लगेच काढा नको.

तर आत्ता या महिन्यात मिस्टरांची टेस्ट आणि तुझा टीएसएच, दोन्ही एकाच सकाळी एकाच लॅबमध्ये उरकून टाका. मिस्टरांचा आकडा फारच कमी निघाला तर नळ्यांचा विषयच बाजूला पडतो, मग रस्ता दुसरा. दोन्ही ठीक निघाले तर तुझं वय ३२ आहे, दोन वर्षं झालीत, म्हणजे नुसतं थांबून राहण्यापेक्षा आययूआयच्या दोन-तीन सायकल करणं किंवा आधी तेलाचं फ्लश करून सहा महिने बघणं, हे दोन्ही रस्ते समजूतदार डॉक्टरशी बसून बोलण्यासारखे आहेत. फ्लश करतो म्हणाले तर विचार की कॉन्ट्रास्ट कुठलं, तेलाचं की पाण्याचं, नाव लिहून द्या, स्क्रीनखाली करणार का, किती मिली सोडता, आणि नंतर थायरॉईड कोण बघणार. लिपिओडॉल आपल्याकडे लिव्हरच्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटला वापरतात त्यामुळे मोठ्या सेंटरच्या रेडिओलॉजीला ते माहीत असतं, पण एचएसजीसाठी सगळे ठेवत नाहीत, सोलापूरला चौकशी कर, नाहीतर पुण्याला विचारावं लागेल. या प्रश्नांवर जो डॉक्टर चिडेल त्याच्याकडे परत जाऊ नकोस. आणि पॅकेजचे ॲडव्हान्स पैसे भरले असतील तर पहिला महिना सुरू व्हायच्या आत पावती घेऊन जा आणि परत मागा, मिस्टरांना पाठव त्या कामाला.